माल कुठल्या स्टोअरेजला आहे?

विकायचं नव्हतं आणि पैसे तर हवे होते. तारण कर्ज घ्यायला येणारा माणूस नेहमी याच अडचणीतून आलेला असतो. तासगावच्या एका सहकारी बँकेत बेदाणा तारणाचं टेबल सांभाळून मी निवृत्त झालो, त्यामुळं ही अडचण मला समोरच्याच्या चेहऱ्यावर वाचता यायची. 2024 च्या उन्हाळ्यात ती माझ्यावरच आली. घराच्या वरच्या मजल्याचा स्लॅब टाकायचा होता, आणि माझ्याकडं तारणाला होतं ते इथर, म्हणजे इथेरियमचं क्रिप्टो नाणं.

ते कसं आलं ते थोडक्यात सांगतो. रिझर्व्ह बँकेनं 2018 साली बँकांना क्रिप्टोपासून लांब राहायला सांगणारं परिपत्रक काढलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं 4 मार्च 2020 ला ते रद्द केलं, आणि त्या वर्षाच्या अखेरीस पुण्यातल्या माझ्या भाच्यानं मला थोडं इथर घ्यायला लावलं. तेव्हा एकाला पस्तीस-चाळीस हजार पडायचे. वर्षभरात ते साडेतीन लाखांवर गेलं. मी विकलं नाही. मग 2022 चं बजेट आलं. 1 एप्रिल 2022 पासून नफ्यावर सरळ 30 टक्के कर, एकातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करायची सोय नाही, आणि जुलैपासून वर 1 टक्का टीडीएस. विकायचा होता नव्हता तो उत्साहही गेला.

मुदतठेवीवर कर्ज घेता आलं असतं, आणि खरं सांगायचं तर ते स्वस्तही पडलं असतं. पण ज्या टेबलावर माझी नोकरीची वर्षं गेली, ते टेबल माणूस न बसवता कसं चालतं हे मला बघायचं होतं. ठेवीची मुदत पुढच्या वर्षी संपत होती, तेवढ्या महिन्यांचा प्रश्न होता. घरी एवढंच सांगितलं, की पैशांची सोय झाली.

भाच्यानं मला आवेवर नेलं. स्टानी कुलेचोव्ह नावाच्या, हेलसिंकीत कायदा शिकणाऱ्या मुलानं 2017 साली ईथलेंड नावानं हे सुरू केलं. आधी तिथं कर्ज देणारा आणि घेणारा यांची जोडी लावावी लागायची. 2020 पासून आवे या नावानं सगळ्यांचे पैसे एका कुंडात, आणि ज्याला लागतील त्यानं तारण ठेवून उचलायचे, अशी रचना झाली. जामीनदार नाही, सिबिल नाही, कशासाठी पाहिजेत हे कुणी विचारत नाही. तारण तेवढं ठेवा. इथरच्या किमतीच्या सुमारे 80 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं. आमच्या बँकेत बेदाण्यावर एवढं दिलं असतं तर ऑडिटरनं मला खुर्चीतून उठवलं असतं. मी चाळीस टक्क्यांच्या आसपास थांबलो.

स्क्रीनवर हेल्थ फॅक्टर नावाचा एक आकडा असतो. तारणाची ठरावीक टक्के किंमत भागिले कर्ज. तो एकच्या खाली गेला, की कुणीही परका माणूस, बहुतेक वेळा माणूसही नाही, त्याचा प्रोग्रॅम, तुमच्या कर्जाचा भाग फेडतो आणि तेवढं तारण थोड्या सवलतीत उचलून नेतो. आमच्याकडं आधी साधं पत्र, मग रजिस्टर पोस्ट, मग पेपरात जाहीर नोटीस, मग लिलाव, आणि लिलावाच्या आदल्या दिवशी संचालकांचा फोन. इथं यातलं काही नाही. व्याजही कुणी बैठकीत ठरवत नाही. कुंडातले पैसे जितके उचलले जातील तितका दर वर सरकतो, आणि कुंड रिकामं व्हायला आलं की एकदम उसळी मारतो. त्या मार्चमध्ये डॉलर कॉइनवरचा, म्हणजे डॉलरला बांधलेल्या यूएसडीसी या नाण्यावरचा, दर दोन आकडी होता, पावसाळ्यात पाच-सहा टक्क्यांवर आला. फ्लोटिंग रेट म्हणजे काय, हे त्या वर्षी मला खऱ्या अर्थानं कळलं.

इथपर्यंत सगळं माझ्या धंद्यातलं होतं. घोडं अडलं ते पुढं.

माझं इथर होतं मूळ इथेरियम चेनवर. तिथं एका व्यवहाराची फी 2021 मध्ये काही हजारांपर्यंत गेलेली मी भरलेली होती. कर्ज काढणं, थोडं फेडणं, परत तारण वाढवणं, प्रत्येक वेळी तेवढी फी देऊन कोण करेल? भाचा म्हणाला, "मामा, आर्बिट्रमवर न्या. इथेरियमच्याच आधारानं चालणारी स्वस्त चेन आहे. मार्चमधल्या अपग्रेडनंतर तिथं एका व्यवहाराला रुपया-दोन रुपये पडतात." आवे तिथंही आहे. आवेची तिसरी आवृत्ती 2022 च्या मार्चमध्ये एकदम अनेक चेनवर उतरली होती. एकच दुकान, पण प्रत्येक गावातली शाखा वेगळी आणि तिजोरी वेगळी. एका शाखेतलं तारण दुसऱ्या शाखेत चालत नाही.

"नेऊ, पण इथर तिकडं जातं कसं?" मी विचारलं.

"ब्रिजवरून."

"ब्रिजवरून म्हणजे? इकडनं उचलून तिकडं ठेवतात?"

तो थांबला. मग म्हणाला, "नाही. इकडं एका करारात कुलूपबंद होतं, आणि तिकडं तेवढंच तुमच्या नावावर जमा होतं."

आता हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. हा तर आमचा बेदाणा.

बाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो. द्राक्षाचा शेतकरी बेदाणा तयार करून कोल्ड स्टोअरेजला लावतो. स्टोअरेजवाला पावती देतो: इतके बॉक्स, लॉट नंबर अमुक, माल हिरवा की पिवळा. शेतकरी ती पावती घेऊन आमच्याकडं येतो. आम्ही पावतीवर कर्ज देतो, स्टोअरेजच्या रजिस्टरला बँकेचा बोजा नोंदवतो, आणि बँकेच्या पत्राशिवाय माल सोडायचा नाही असं स्टोअरेजवाल्याकडून लिहून घेतो. माल मंडईत नाही, बँकेत नाही, आणि शेतकऱ्याकडंही नाही. सगळे व्यवहार कागदावर होतात, आणि कागदाला किंमत येते ती बॉक्स खरोखर तिथं असतात म्हणून.

त्यामुळं स्टॉक तपासणी हे त्या टेबलाचं खरं काम. एप्रिलच्या उन्हात स्वेटर घेऊन निघायचं. आत शिरल्यावर चष्म्यावर वाफ धरते, ती पुसेपर्यंत स्टोअरेजचा माणूस पुढच्या रांगेतला एक बॉक्स उघडून ठेवतो. तो बघायचा नाही. शिडी मागवायची, थप्पीच्या मागच्या रांगेतला, तळाकडचा बॉक्स काढायला लावायचा, त्यावरचा लॉट नंबर पावतीशी ताडून बघायचा आणि मग टेप कापायची. नवीन माणूस दार उघडून डोकावतो, थंडी वाजली म्हणतो आणि रजिस्टरवर सही करून येतो. एका ठिकाणी पावत्यांच्या मानानं मागच्या रांगा कमी निघाल्या होत्या. तेव्हापासून तारणाचं प्रकरण समोर आलं की भाव, वजन, शेतकऱ्याचा चेहरा हे सगळं नंतर. पहिला प्रश्न, माल कुठल्या स्टोअरेजला आहे?

भाच्याला मी तोच विचारला. आणि त्या एका प्रश्नावर आमच्या दोन रात्री गेल्या.

उत्तर असं निघालं की सगळे ब्रिज सारखे नसतात. आर्बिट्रमचा स्वतःचा जो ब्रिज आहे त्यात इथर इथेरियमवरच्या करारात राहतं. तिकडं जायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. परत यायला मात्र सुमारे सात दिवस, कारण आर्बिट्रमनं सांगितलेला हिशेब खोटा असेल तर कुणालाही हरकत घेता यावी म्हणून तेवढी मुदत ठेवलेली आहे. भाच्याला ही सात दिवसांची अडगळ वाटत होती. मला तीच गोष्ट सर्वांत आवडली. तलाठ्याकडं फेरफाराची नोटीस लागते तसं हे वाटलं, आणि असं काही या जगात असेल अशी मी अपेक्षाच केली नव्हती.

दुसऱ्या जातीचे ब्रिज त्रयस्थांचे. पाच मिनिटांत जा, पाच मिनिटांत या. मूळ माल कुणाच्या तरी ताब्यात, आणि चावी काही ठरावीक लोकांच्या सह्यांवर. यांचा इतिहास मी वाचायला घेतला आणि वाचतच राहिलो. फेब्रुवारी 2022 मध्ये वर्महोल या ब्रिजवर चोरानं माल चोरलाच नाही. सोलाना चेनवर 1,20,000 इथरच्या पावत्या, एकही इथर जमा न करता, छापून घेतल्या आणि त्यातल्या बऱ्याचशा दाखवून इथेरियमवरचा खरा माल उचलला. पुढच्याच महिन्यात रोनिन. नऊ सहीवाले, पाच सह्या पुरेशा, आणि त्या पाच चोरांच्या हाती लागल्या. 1,73,600 इथर आणि अडीच कोटींवर डॉलर कॉइन गेले. रकमेपेक्षा मला धक्का बसला तो तारखांचा. चोरी 23 मार्चला झाली आणि कळलं 29 ला, तेही एका ग्राहकाला पैसे काढता येईनात तेव्हा. सहा दिवस गोदाम रिकामं होतं आणि बाहेर पावत्या चालू होत्या. तिथं शिडी मागवणारा कुणी नव्हता.

पण माझ्या टेबलाशी नेमकं जुळणारं प्रकरण फॅन्टम चेनवरचं. त्या चेनवर डॉलर कॉइन, बिटकॉइन, इथर म्हणून जे चालायचं त्यातलं पुष्कळसं मल्टिचेन नावाच्या ब्रिजच्या पावत्या होत्या. 2023 च्या जुलैमध्ये त्या ब्रिजमधून 12 कोटी डॉलरच्या वर माल निघून गेला. मग मल्टिचेननंच जाहीर केलं, की आमच्या प्रमुखाला मे महिन्यातच चीनच्या पोलिसांनी नेलंय, त्याचे कॉम्प्युटर, फोन, चाव्या सगळं जप्त आहे. सह्या अनेकांच्या आहेत असं सांगितलं जायचं, आणि त्या सह्या करणारे सर्व्हर चालत होते त्या एकाच माणसाच्या खात्यावर.

आता फॅन्टमवर गाइस्ट नावाची एक कर्ज देणारी पेढी होती. तिच्याकडं तारणाला याच पावत्या. तारणाची किंमत ती चेनलिंक या भाव पुरवणाऱ्या सेवेकडून घ्यायची, आणि चेनलिंक भाव सांगायचं खऱ्या बिटकॉइनचा, खऱ्या इथरचा. त्यात चेनलिंकची काहीच चूक नाही, त्यांचा भाव बरोबरच होता. पण तारणाला होता तो कागद, आणि कागदाची किंमत बाजारात कोसळलेली. म्हणजे गोदाम जळालंय, आणि बँकेचा माणूस सांगलीच्या मार्केट यार्डातून आजचा बेदाण्याचा दर आणून रिकाम्या पावतीवर पूर्ण कर्ज मंजूर करतोय. गाइस्टनं त्याच महिन्यात कायमचं कुलूप लावलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंही.

हे वाचल्यावर माझं मत जे झालं ते आजही तेच आहे. या धंद्यात सगळे हेल्थ फॅक्टरकडं बघत बसतात, कारण तो स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत दिसतो. भाव पडला तर तो आकडा सांगेल. गोदाम जळलं तर तो हिरवाच राहील.

मी आर्बिट्रमच्या स्वतःच्या ब्रिजनं इथर नेलं. आवेत ठेवलं, तेव्हा आवेनं त्याची आपली पावती दिली. म्हणजे पावतीवर पावती. इथर तेव्हा 3,300 डॉलरच्या आसपास होतं. कर्ज उचललं यूएसडीसीमध्ये, आणि हेल्थ फॅक्टर दोनच्या थोडा वर दिसला. कागदावर गणित मांडलं: इथर सोळाशेच्या खाली गेलं तर आपला लिलाव.

कर्ज उचलताना एक गंमत झाली. यादीत यूएसडीसी दोन होते. एकाच्या पुढं टिंब देऊन ई लावलेला. भाच्याला फोन केला. म्हणाला, "तो ई वाला म्हणजे इथेरियमवरचा यूएसडीसी ब्रिजमधून आलेला. बिन-ईचा म्हणजे सर्कल कंपनीनं इथंच काढलेला." एक पावती, एक माल, आणि नावात फरक एका अक्षराचा. मी माल घेतला.

पैसे रुपयांत आणणं हे निराळंच प्रकरण निघालं. देशातल्या ज्या एक्स्चेंजवर माझं खातं होतं ते डॉलर कॉइन घ्यायचं फक्त पॉलिगॉनवरून. ही आपल्याकडच्या पोरांनी 2017 साली मॅटिक नावानं सुरू केलेली चेन. म्हणजे आर्बिट्रमहून परत एक ब्रिज. इथं मात्र सर्कलची स्वतःची सोय होती: या चेनवरचे कॉइन रद्द करायचे आणि त्या चेनवर तेवढेच नवे काढायचे. कुलूप नाही, पावती नाही. डिमांड ड्राफ्ट रद्द करून दुसऱ्या शाखेवर नवा काढून द्यावा तसं. पंधरा-वीस मिनिटं लागली, आणि तेवढा वेळ पैसे कुठंच नव्हते. एवढ्या वर्षांत रकमा इकडून तिकडं पुष्कळ पाठवल्या, पण ती पंधरा मिनिटं मी चहाला हात लावला नाही. एक्स्चेंजनं टीडीएस कापून रुपये खात्यात टाकले आणि आमचा स्लॅब पडला.

सीएला हे सगळं समजावून सांगणं स्लॅबपेक्षा अवघड. कर्ज हे उत्पन्न नाही, एवढ्यावर त्याचं माझं एकमत झालं. पण एका चेनवरचं इथर कुलूपबंद करून दुसरीवर घेतलं, हे हस्तांतर धरायचं का? तो बराच वेळ पेन फिरवत बसला. शेवटी म्हणाला, "साहेब, तुम्ही प्रत्येक व्यवहाराची नोंद ठेवा. विचारलं तर दाखवू." नोंदी ठेवायचं मला सांगायला नको होतं.

त्या वर्षी श्रावणाचा पहिलाच दिवस सोमवारी आला होता, 5 ऑगस्टला. मी हरिपूरला संगमेश्वराच्या दर्शनाच्या रांगेत होतो. भाच्याचा फोन. "मामा, मार्केट बघितलं का?" तिकडं जपाननं व्याजदर वाढवलेले, येनमध्ये कर्ज काढून जगभर गुंतवलेले पैसे लोक घाईनं परत नेत होते. निक्केई त्या एका दिवसात 12 टक्क्यांवर पडला. आदल्या रात्री 2,700 डॉलरच्या आसपास असलेलं इथर काही तासांत 2,200 च्या खाली. माझा हेल्थ फॅक्टर 1.35 च्या मागं-पुढं. ज्यांचा आदल्या दिवशी सव्वा होता त्यांचं तारण एव्हाना प्रोग्रॅमांनी उचललेलं होतं. पत्र नाही, पेपरात नोटीस नाही.

मला सोळाशेची रेघ माहीत होती, तरी थोडं कर्ज फेडून ठेवावं असं वाटलं. आणि तिथं या धंद्याची खरी गाठ सापडली. कर्ज आर्बिट्रमवर, फेडायचे पैसे एक्स्चेंजवर रुपयांत. तिथून डॉलर कॉइन घ्यायचे, पॉलिगॉनवर काढायचे, मग आर्बिट्रमवर न्यायचे. एक्स्चेंजनं नेमकं त्या दिवशी कॉइन काढणं देखभालीसाठी बंद ठेवलेलं. जुलैमध्ये वझीरएक्स या एक्स्चेंजवर 23 कोटी डॉलरची चोरी झाल्यापासून सगळेच हबकलेले होते. मी रांगेतून बाहेर आलो नाही. करण्यासारखं काहीच नव्हतं. दर्शन घेतलं, प्रसाद घेतला. दुपारनंतर भाव सावरायला लागला. काढणं सुरू झाल्यावर मी थोडे यूएसडीसी आर्बिट्रमवरच नेऊन ठेवले, आणि कर्ज जिथं तिथंच फेडीचा पैसा हा नियम केला. बेदाणा तारणात शेतकऱ्याला आम्ही हेच सांगायचो, की खातं याच शाखेत काढा.

मध्यंतरी भाचा एक नवीन गोष्ट घेऊन आला होता. रेडियंट नावाची सोय: तारण एका चेनवर ठेवा, कर्ज दुसरीवर उचला, मधली ये-जा तेच बघतील. माझी धावपळ वाचली असती, हे नक्की. मी नेहमीचा प्रश्न विचारला, तो म्हणाला बघून सांगतो. मग गणपती आले, बघायचं राहून गेलं. 16 ऑक्टोबरला रेडियंटमधून सुमारे 5 कोटी डॉलर गेले. अकरा सहीवाल्यांपैकी तीन सह्या लागायच्या. चोरांनी त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये असं काही घुसवलं होतं, की स्क्रीनवर दिसे बरोबर व्यवहार आणि सही उमटे भलत्यावरच. मी ओळखलं होतं म्हणून वाचलो, असं म्हणता येणार नाही. गणपती आले म्हणून वाचलो. सहीवाल्यांनी तर बिचाऱ्यांनी वाचूनच सही केली होती. बँकेत एवढं तरी कोण करतं!

पुढच्या फेब्रुवारीत ठेव सुटली. उलट्या वाटेनं डॉलर कॉइन नेऊन कर्ज मिटवलं, इथर सोडवलं आणि मूळ चेनवर परत आणायला सात दिवसांच्या ब्रिजला लावलं. भाचा वैतागला. "पाच मिनिटांत होतंय तिथं आठवडा कशाला घालवताय?" म्हटलं, मला घाई कसलीय. मुदत संपल्यावर इथेरियमवर जाऊन आपल्याला स्वतः ते उचलावं लागतं. त्याची फी चहा-नाश्त्याच्या खर्चाइतकी आली.

एप्रिलमध्ये इथर पंधराशेच्या खाली घसरलं, म्हणजे माझ्या सोळाशेच्या रेघेखाली. तेव्हा सीएनं एक कागद करून पाठवला. गेल्या उन्हाळ्यात कर्ज न काढता इथर विकलं असतं, तर कर, सेस सगळं जाऊन एका इथरमागं दोन लाखांच्या आसपास हातात राहिले असते; आता त्याचे सव्वा लाख आहेत, त्यात व्याज गेलं ते वेगळंच. आकडे बरोबर होते. मी कागद फाइलला लावला. ऑगस्टमध्ये इथर 4,900 डॉलरच्या वर गेलं, तेव्हा तोच कागद नवीन भाव घालून त्याला परत पाठवला. त्यानं काही कळवलेलं नाही.